ताळा करून बघितलास का?

दहावीचं बीजगणित घरात आलं की मुलांच्या आधी आपल्याच पोटात गोळा येतो. जूनमध्ये पुस्तकांना कव्हरं घालून होतायत न होतायत तोच पहिला धडा दोन चलांतल्या रेषीय समीकरणांचा आणि पाठोपाठ दुसरा वर्गसमीकरणांचा. श्रेढी, संभाव्यता, सांख्यिकी ही मंडळी नंतर येतात. वर्षाच्या तोंडाशीच हे दोन दणकट धडे उभे. आपण कुकर लावता लावता वहीत डोकावतो, तर तिथे क्रेमरची पद्धत, निश्चयक, विवेचक... आणि मनात येतं, हे आपल्याला होतं का खरंच? होतं बहुतेक. पण त्यानंतर इतक्या वर्षांत कुणी आपल्याला विवेचक काढायला सांगितलेलं नाही, मग आठवणार कुठून?

माझी लेक यंदा दहावीत आहे, त्यामुळे हे लिहिणारी तुमच्यातलीच आहे. दिवसभर ऑफिस, येताना भाजी, आल्यावर कणीक, आणि जेवणं उरकल्यावर समोर येणारी वही.

वहीबरोबर एकच प्रश्न येतो. "आई, बरोबर आहे का गं?"

हे विचारताना मूल वहीकडे बघत नसतं, आपल्या चेहऱ्याकडे बघत असतं. आपली भुवई जरा वर गेली की त्याचा हात खोडरबराकडे जातो. पुष्कळदा उत्तर बरोबरच असतं. आपल्याला ते झटकन कळलेलं नसतं म्हणून कपाळाला आठी पडलेली असते, आणि तेवढ्यात बिचारीने चांगल्या लिहिलेल्या तीन ओळी पुसून टाकलेल्या असतात.

मला सांगायचंय ते एवढंच, की समीकरणांच्या धड्यात हा प्रश्न आपल्याला विचारायची गरजच पडत नाही. निबंध चांगला झालाय का, भूमितीतली सिद्धता पटते का, हे बघायला कुणीतरी जाणकार लागतो. समीकरणाचं तसं नाही. आलेली किंमत मूळ समीकरणात घालायची, दोन्ही बाजू सारख्या आल्या की उत्तर बरोबर. शाळेतल्या बाई नकोत, क्लासचे सर नकोत, मागची उत्तरसूची नको, आणि आपण तर नकोच नको. भागाकाराचा ताळा आपण सगळ्यांनी प्राथमिक शाळेत केलेला आहे. दहावीत येईपर्यंत ही सवय कुठे हरवते कोण जाणे. वेळ जातो म्हणून असेल. शिवाय उत्तरसूची असतेच की शेवटच्या पानांवर.

म्हणून हल्ली आमच्याकडे "बरोबर आहे का?" ला उत्तर म्हणून उलटा प्रश्न येतो: "ताळा करून बघितलास का?" याने सुरुवातीला चिडचिड होते हेही सांगून ठेवते. "तू नुसतं हो का नाही सांग ना!" असं ऐकावं लागतं. ऐकायचं. मूल दमलेलं असतं, आपणही दमलेलो असतो, आणि "हो, बरोबर" म्हटलं की दोघांची सुटका होते. हा मोह मला रोज होतो.

एक उदाहरण उलगडूनच बघू. एका आयताची लांबी आणि रुंदी मिळून ७ सेंटिमीटर आहे आणि कर्ण ५ सेंटिमीटर आहे, तर लांबी-रुंदी किती? पुस्तकात एक्स आणि वाय असतात, मी आपली जुन्या सवयीने क्ष आणि य लिहिते. पहिलं समीकरण सरळ, रेषीय: क्ष + य = ७. दुसरं पायथागोरसच्या कृपेने वर्गाचं: क्ष² + य² = २५. पहिल्यावरून य = ७ − क्ष, ते दुसऱ्यात घालायचं. इथपर्यंत बहुतेक मुलं बिनबोभाट येतात. मग (७ − क्ष) चा वर्ग करायचा असतो, आणि इथे दमलेलं मूल ४९ − क्ष² लिहून मोकळं होतं.

पुढे काय होतं बघा. क्ष² + ४९ − क्ष² = २५. क्ष² ला क्ष² गेला. उरलं काय, तर ४९ = २५.

या ओळीशी आल्यावर कुणी "उदाहरणच चुकीचं छापलंय" म्हणतं. कुणी पान टरकावतं. आणि काही मुलं, ही मला जास्त काळजीची वाटतात, शांतपणे ४९ = २५ च्या खाली मागचं उत्तर उतरवून "म्हणून लांबी ४ सेमी" लिहितात आणि पुढच्या उदाहरणाला लागतात. त्यांना बीजगणित म्हणजे आपल्या डोक्याबाहेरची भानगड वाटायला लागलेली असते. तिथे ४९ आणि २५ सारखे असतीलही, आपल्याला काय ठाऊक!

अशा वेळी आपल्या तोंडून काय निघतं? "अगं, हे तर सातवीतलं आहे!" ते खरंही असतं. पण पंधरा वर्षांच्या मुलीला त्यातून एवढंच ऐकू येतं की तिला सातवीतलंही येत नाही. त्याहून वाईट म्हणजे "सोपं तर आहे". धीर द्यायला म्हणतो आपण. पण सोपं असून मला जमत नाही म्हणजे मी ढच, हा हिशेब मुलं मनातल्या मनात फार लवकर करतात. मला विचाराल तर "अवघड आहे खरं" हे वाक्य जास्त धीर देतं.

४९ = २५ ही ओळ म्हणजे खरं तर वहीनेच ओरडून सांगितलेलं असतं की वर कुठेतरी गडबड आहे. कुठे, ते शोधायलाही आपण बीजगणितात पारंगत असायला नको. क्षच्या जागी एखादी साधी संख्या घालून बघायला सांगायचं. समजा १. सातातून एक गेला सहा, सहाचा वर्ग ३६. आणि ४९ मधून १ गेला तर ४८. छत्तीस कुठे, अठ्ठेचाळीस कुठे! सूत्रातलं मधलं पद राहिलंय हे मग तिचं तिलाच दिसतं. "अरे हो, उणे चौदा क्ष!" असा आवाज आला की आपण कणकेकडे परत जावं.

दुरुस्त केलं की २क्ष² − १४क्ष + २४ = ० मिळतं, दोनाने भागून क्ष² − ७क्ष + १२ = ०, आणि उत्तरं ३ आणि ४. आता ताळा. तीन नि चार सात. नऊ नि सोळा पंचवीस. हवं तर कागदावर ३ बाय ४ चा आयत काढून पट्टीने कर्ण मोजू द्या. बरोबर पाच भरतो. पाचावर पट्टी टेकली की दहावीतली घोडीसुद्धा लहान मुलासारखी खूश होते.

यात एक खाच आहे, ती तेवढी सांगते, कारण हुशार मुलंही तिथे अडखळतात. क्ष = ३ मिळाल्यावर काही जण तो वर्गाच्या समीकरणात घालतात. मग य² = १६, म्हणजे य = ४ किंवा उणे ४. असं दोन्हीकडून करत गेलं की उत्तरांच्या चार जोड्या तयार! त्यातल्या दोन खोट्या. ३ आणि उणे ४ वर्गाच्या समीकरणात चपखल बसतात, पण त्यांची बेरीज उणे १ येते, ७ नाही. म्हणून किंमत नेहमी रेषीय समीकरणात घालावी आणि ताळा दोन्ही समीकरणांत करावा. एकात बसलं म्हणजे झालं, असं नाही.

आता दोन उत्तरांचं बघू. मुलांना याचा खरोखर त्रास होतो. नववीपर्यंत प्रत्येक गणिताला एक उत्तर, आणि आता अचानक दोन. कुठलं ठेवायचं? आयतात लांबी ४ आणि रुंदी ३ म्हणा किंवा उलट म्हणा, आयत तोच. पण एसटीचं उदाहरण घ्या. एक एसटी ३०० किलोमीटर जाते, ताशी वेग १० किलोमीटरने वाढवला असता तर एक तास आधी पोचली असती. मूळ वेग किती? समीकरण येतं क्ष² + १०क्ष − ३००० = ०, आणि उत्तरं ५० आणि उणे ६०. मुलं उणे ६० वर काट मारतात. का मारलीस विचारलं तर "उणे आहे म्हणून". एवढ्यावर थांबू देऊ नका. वेग ऋण कसा असेल, हे कारण तिच्या तोंडून येऊ दे, आणि ते वहीतही लिहू दे. नाहीतर पुढच्या उदाहरणात "दोन संख्यांमधला फरक ३ आणि गुणाकार ४०" असं आलं की ती ८ आणि ५ ठेवते आणि उणे ५ आणि उणे ८ सवयीने खोडते. "नैसर्गिक संख्या" असं म्हटलेलं नसेल तर ती जोडीही तितकीच खरी आहे. उणे ५ मधून उणे ८ वजा करून बघा, ३ च येतात. (जाता जाता, एसटीच्या त्या उणे ६० कडेही जरा बघा. वेग वाढवल्यावर ताशी ६०च होतो. मला हे लेकीने दाखवलं.)

कुठलं उत्तर ठेवायचं हा पेच फार जुना आहे, आणि तो आपल्याच मातीतल्या माणसाने मांडून ठेवलाय. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. सिद्धान्तशिरोमणी त्यांनी वयाच्या ३६व्या वर्षी पुरा केला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, तसा शिलालेखच आहे तिथे. तर त्यांच्या बीजगणितात माकडांची दोन उदाहरणं आहेत. एका कळपाच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग, इतकी माकडं वनात खेळतायत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. उत्तर १६ येतं आणि ४८ ही येतं. दोन्ही चालतात. सोळाचा आठवा हिस्सा २, त्याचा वर्ग ४, अधिक १२, झाले १६. अठ्ठेचाळीसचा आठवा हिस्सा ६, वर्ग ३६, अधिक १२, झाले ४८.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला, इतकी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय. उत्तरं ५० आणि ५. आकड्यांचा ताळा दोन्हींचा जमतो. पण पाचाचा पाचवा हिस्सा १, त्यातून ३ माकडं वजा कशी करणार? म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर सोडून दिलं. लोकांना ऋण संख्येचा भरवसा वाटत नाही, अशा अर्थाचं कारणही दिलं. एवढ्या मोठ्या माणसाने उत्तर टाकताना कारण सांगितलं, तर आपल्या पोरांनी एक ओळ लिहायला काय हरकत आहे? ही गोष्ट मुलांना सांगून बघा. दोन उत्तरं आली म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं, ही धास्ती निम्मी कमी होते.

आणि कधीकधी उत्तर येतच नाही, तेव्हाची घाबरगुंडी तर विचारूच नका. तोच आयत घ्या, कर्ण ५च, पण लांबी-रुंदीची बेरीज ८ करा. २क्ष² − १६क्ष + ३९ = ०, विवेचक २५६ वजा ३१२, म्हणजे उणे ५६. मूल तीन-तीनदा सगळं तपासतं. चूक कुठेच नसते. असा आयत नसतोच. हे पटवायला मी आलेख कागद वापरते. कंपासने आरंभबिंदूभोवती ५ एककांचं वर्तुळ काढायचं आणि क्ष + य = ७ ही रेषा ओढायची. ती वर्तुळाला दोन ठिकाणी कापते, (३, ४) आणि (४, ३). मग पट्टी तशीच तिरकी ठेवून हळूहळू बाहेर सरकवायची. ते दोन बिंदू जवळ जवळ येतात, बेरीज ७.०७ च्या आसपास झाली की पट्टी वर्तुळाला नुसती एका ठिकाणी टेकते, आणि त्यापुढे सुटते ती सुटतेच. दोन, एक, शून्य: विवेचक धन, शून्य, ऋण. वर्तुळ-रेषेची ही जोडी परीक्षेला अशी येईल न येईल, पण पट्टी सरकवताना जे दिसतं ते पाठ केलेल्या तीन ओळींपेक्षा जास्त टिकतं, असं माझं मत आहे.

शाब्दिक उदाहरणांबद्दल थोडं. "मला शाब्दिक येतच नाहीत" हे वाक्य तुमच्याही घरात असणार. आपण काय करतो, तर उदाहरण स्वतः मोठ्याने वाचतो, भराभर, आणि पेन्सिल हातात घेऊन "हे बघ, हे एक्स धर" म्हणून मोकळे होतो. खरं काम तिथेच असतं, आणि नेमकं तेच आपण आपल्याकडे घेतो. पुढची आकडेमोड तर तिला येतच असते. त्यापेक्षा पेन्सिल तिच्याकडेच असू दे आणि एवढंच विचारा, "एक्स म्हणजे काय धरलंस?" उत्तर "वेग" असं आलं तर पुढचा प्रश्न, "कुठला? आधीचा का वाढवलेला?" बऱ्याचदा गाडी इथेच रुळावर येते. आपल्याला समीकरण मांडता यायला हवंच असं नाही. फक्त वाक्य नीट ऐकता यायला हवं.

गुणांची काळजी मलाही आहे, नाही असं नाही. बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४०, अंतर्गत २०, हे कोष्टक आपल्याला मुलांपेक्षा जास्त पाठ असतं. पालकांच्या ग्रुपवर कुणाच्या तरी मुलाला चाचणीत पैकीच्या पैकी पडल्याचं वाचलं की रात्री उगाच स्वर कडक होतो, हेही आपलं सगळ्यांचं सारखंच. पण गुण पायऱ्यांनाही असतात, आणि कच्च्या कामात दोन ओळींचा ताळा करणारं मूल सुटलेलं उणे चिन्ह स्वतः पकडतं. फोनने फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर मिळतं, ते मी बंद केलेलं नाही. अट एकच, आधी स्वतःचा ताळा.

रविवारी जरा निवांतपणा असेल तर आणखी एक करून बघा. मुलांना उदाहरण सोडवायला न देता बनवायला सांगा. उत्तर आधी ठरवायचं आणि मग मागे मागे जात प्रश्न रचायचा. माझ्या लेकीने रचलं: आजीच्या आणि माझ्या वयाची बेरीज ८६, गुणाकार १०६५, तर वयं किती? ते सोडवायची एक रीत बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर जवळजवळ पावणेचार हजार वर्षांपूर्वीची आहे. बेरजेचं निम्मं करायचं, ४३. त्याचा वर्ग, १८४९. त्यातून गुणाकार वजा, ७८४. त्याचं वर्गमूळ २८. आता ४३ मध्ये २८ मिळवले की ७१, वजा केले की १५. आपली पूर्ण वर्ग पद्धत ती हीच, फक्त क्ष नाही.

समीकरणाला मात्र आजी कोण आणि नात कोण हे कळत नाही, त्याला दोघी सारख्याच. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, चालेल, मी पंधराची. पण तिचा खरा आक्षेप वेगळाच होता. एकाहत्तर तिला पूर्ण झालेली नाहीत, चालू आहेत. म्हणजे सत्तरच. झालं, बेरीज ८५, गुणाकार १०५०, आणि निम्मं करायला गेलं की साडेबेचाळीस. नातीने वही माझ्याकडे सरकवली. "आता हे तू सोडव. आणि मला विचारू नकोस बरोबर आहे का म्हणून."